आवाजाचा हिशेब : बटण, तार आणि भोंगा

दिवाळी सरते, धानाची कापणी-मळणी आटोपत येते आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम उभा राहतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचे ठाणे. तिथल्या मंडळ्या होळीपर्यंत गावोगाव फिरतात. दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक, आणि नाटकाचा पडदा पडतो तो पहाटेच. 2023 साली इथले नट डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राचे लक्ष या रंगभूमीकडे वळले. मंडपाच्या शेवटच्या टोकाला, चादर पांघरून बसलेल्या माणसाला संवादाचा शब्दन्‌शब्द कळायचा असेल, तर नटाच्या गळ्याइतकाच भरवसा माइक, अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंग्यावर ठेवावा लागतो.

वडशाच्याच गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्या सागवनातून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हेमलकसा आहे. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांच्या या मुलखात दवाखाना उभा केला. 1976 मध्ये शाळा सुरू झाली. सुरुवातीची कितीतरी वर्षे इथे वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात उपचार झाले. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा ठिकाणी शाळेच्या मैदानावर चार भोंगे लावायचे म्हटले, तर बाजारातला नेहमीचा उपाय लागू पडत नाही. ‘आवाज कमी पडतोय, मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणा’ हा तो उपाय. वीज मोजकी, बॅटरी जड, दुरुस्ती करणारा लांब. इथे असलेला प्रत्येक वॉट ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचलाच पाहिजे.

तो बहुधा पोचत नाही. वाटेत गळतो, आणि गळण्याच्या जागा ठरलेल्या असतात : चुकीचा व्हॉल्यूम कंट्रोल, न जुळलेला इम्पीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा सिग्नलचा रोध) आणि लांबच लांब बारीक वायर. या प्रकरणात त्या एकेक करून तपासू.

बटण आवाज वाढवत नाही

व्हॉल्यूमचे बटण फिरवले की आवाज वाढतो, म्हणून बटणच आवाज वाढवते असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल किती पटीने वाढवणार हे त्याच्या रचनेतच ठरलेले असते. बटण फक्त त्याच्या तोंडाशी येणारा सिग्नल अडवते. पूर्ण उघडले की अडवणूक संपते, एवढेच.

बटणाच्या आत पॉट, म्हणजे पोटेंशिओमीटर असतो. त्याला तीन पाय. दोन टोकांच्या पायांमध्ये कार्बनची अर्धवर्तुळाकार पट्टी, आणि मधला पाय त्या पट्टीवर फिरणाऱ्या काट्याला जोडलेला. वरच्या टोकाला सिग्नल येतो, खालचे टोक अर्थला जाते आणि मधल्या पायावरून पुढच्या टप्प्याला हवा तेवढा हिस्सा मिळतो. काटा वर, तर सगळा सिग्नल. काटा खाली, तर शांतता.

हे बटण साखळीत कुठे बसवायचे यालाही महत्त्व आहे. माइकमधून निघणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. तिथेच पॉट लावला तर आधीच क्षीण असलेला सिग्नल आणखी क्षीण होतो आणि पुढे त्याच्याबरोबर खरखरही वाढवली जाते. म्हणून आधी प्रीअ‍ॅम्प्लिफायरने सिग्नल अंगात बळ येईल इतका वाढवायचा, मग पॉट, मग पॉवरचा टप्पा. मिक्सरवर मास्टरचे बटण शेवटपर्यंत उघडून माइकचे बटण चिमूटभर ठेवणारे लोक खरखर विकत घेतात. याच्या उलट, माइकचे बटण अतोनात उघडून मास्टर खाली ठेवला तर आवाज पहिल्याच टप्प्यात फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कितीही बारीक केला तरी फाटकाच राहतो.

लॉग की लिनिअर?

दुकानात 50 किलोओहमचा पॉट मागितला की जाणकार दुकानदार विचारतो, ‘ए की बी?’ हल्लीच्या बहुतेक पॉटवर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर. लिनिअर पॉटचे बटण अर्धे फिरवले की मधल्या पायावर निम्मे व्होल्टेज मिळते. हिशेब सरळ आहे, पण आपला कान सरळ हिशेब ठेवत नाही.

कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटायला 10 डेसिबलची वाढ लागते, आणि 10 डेसिबल म्हणजे दहापट पॉवर. नुसती पॉवर दुप्पट केली तर 3 डेसिबल वाढतात, म्हणजे फरक कळतो, पण डोळ्यांत भरत नाही. 30 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर काढून 60 वॉटचा आणणाऱ्यांची निराशा होते ती याच कारणाने.

आता लिनिअर पॉट व्हॉल्यूमसाठी लावून पाहा. पूर्ण उघड्या बटणापासून अर्ध्यावर आलात, फक्त 6 डेसिबल कमी झाले. पावपर्यंत खाली आलात, तरी 12 डेसिबलच. आवाज खऱ्या अर्थाने कमी होतो तो उरलेल्या शेवटच्या फेऱ्यात, आणि तिथे बोटभर हालचालीत तो गडप होतो. भजनाच्या कार्यक्रमात ‘जरा कमी करा’ म्हटले की आवाज एकदम नाहीसाच होतो, याचे कारण पुष्कळदा हेच असते. लॉग पॉटची पट्टी मुद्दाम अशी बनवतात की अर्ध्या फेऱ्यावर मधल्या पायाला 10 ते 15 टक्केच व्होल्टेज मिळावे. त्यामुळे बटण जेवढे फिरते, तेवढाच फरक कानाला जाणवतो. व्हॉल्यूमसाठी लॉग घ्यावा, बॅलन्ससाठी लिनिअर.

आडगावात लॉग पॉट मिळाला नाही, तर एक जुनी आणि खात्रीची युक्ती आहे. 100 किलोओहमचा लिनिअर पॉट घ्यायचा आणि मधला पाय व अर्थचा पाय यांच्यात 10 किलोओहमचा रेझिस्टर जोडायचा. बटण मध्यावर असताना खालच्या 50 किलोओहमला हा 10 किलोओहम समांतर येतो. दोन्ही मिळून सुमारे 8.3 किलोओहम होतात. वर 50 किलोओहम आहेतच. म्हणजे मधल्या पायावर 14 टक्के व्होल्टेज, थेट लॉग पॉटसारखे. एक पथ्य मात्र पाळायचे : बटण पूर्ण उघडले की मागच्या टप्प्यावर सुमारे 9 किलोओहमचा भार पडतो. तो पेलणारा टप्पा मागे असला पाहिजे.

पॉट किती किलोओहमचा?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. पॉट लहान घेतला तर मागच्या टप्प्यावर भार येतो. मोठा घेतला तर पुढच्या तारेत उंच सूर मरतात.

कसे ते आकड्यांत पाहू. पॉट 100 किलोओहमचा आहे आणि मागचा टप्पा दमदार आहे. बटण विजेच्या हिशेबाने मध्यावर आहे. पुढच्या टप्प्याला हा पॉट 25 किलोओहमच्या उगमासारखा दिसतो, म्हणजे एकूण किमतीच्या एक चतुर्थांश. आता या पॉटपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत 10 मीटरची शिल्ड वायर टाकली. अशा वायरला मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स धरला, तर एकूण 1000 पिकोफॅरड झाले. 25 किलोओहम आणि 1000 पिकोफॅरड यांची जोडी सुमारे 6,400 हर्ट्‌झच्या वरचे सूर खाऊ लागते. आवाज चोंदल्यासारखा होतो, आणि मग साऊंडवाला ट्रेबल वाढवत बसतो. तोच पॉट 10 किलोओहमचा असता तर ही मर्यादा 63,000 हर्ट्‌झच्या पुढे, कानाच्या आवाक्याबाहेर गेली असती.

म्हणून ट्रान्झिस्टर आणि आयसीच्या यंत्रांत 10 ते 50 किलोओहमचे पॉट योग्य, आणि पॉटपासून पुढच्या टप्प्यापर्यंतची वायर वीतभरच असावी. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत 500 किलोओहम किंवा 1 मेगओहमचे पॉट असत, कारण मागच्या टप्प्यातल्या व्हॉल्व्हला लहान पॉटचा भार सोसत नसे आणि वायरही आतल्या आत, आखूड असे. त्या काळचा पॉट आजच्या यंत्रात ‘बसतोय ना’ म्हणून लावू नये.

जुळवणे म्हणजे सारखे करणे नव्हे

इम्पीडन्स जुळवणे म्हणजे दोन्हीकडचे ओहम सारखे करणे, असा समज पक्का रुजलेला आहे. त्याचे मूळ टेलिफोनच्या काळात सापडते. उगमाचा आणि भाराचा रोध सारखा असेल तर भाराला जास्तीत जास्त पॉवर मिळते, हा नियम मोरिट्झ याकोबी यांनी 1840 च्या सुमारास मांडला. टेलिफोनच्या मैलोन्‌मैल लांब तारांना तो उपयोगी पडला आणि 600 ओहम हा आकडा तिथून ध्वनियंत्रांत आला. पण या नियमाची किंमत मोठी आहे : निम्मी पॉवर उगमाच्या पोटातच जळते.

माइक, मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये आपल्याला पॉवर पोचवायची नसते, व्होल्टेज पोचवायचे असते. त्याला वेगळा नियम लागतो : देणाऱ्याचा इम्पीडन्स कमी, घेणाऱ्याचा त्याच्या निदान दहापट. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाकडे पाहिले की हे ध्यानात येते. तुडुंब तलावातून बारीक पाटाने पाणी घेतले तर पातळी हलत नाही. पाळ फोडली तर पातळीच उरत नाही. व्होल्टेज म्हणजे ती पातळी.

200 ओहमचा डायनॅमिक माइक 2,000 ओहमच्या इनपुटला लावला तर त्याचे 91 टक्के व्होल्टेज पुढे जाते. तोच 200 ओहमच्या इनपुटला ‘जुळवून’ लावला तर निम्मेच जाते. माइक आणखी एका कारणाने कमी इम्पीडन्सचा हवा. 50 किलोओहमचा हाय इम्पीडन्स माइक 10 मीटर वायरीवर लावला, तर वरच्याच हिशेबाने सुमारे 3,200 हर्ट्‌झच्या वरचे सूर ढासळतात. ‘स’, ‘श’, ‘च’ यांचा बराचसा अंश तिथेच असतो. आवाज मोठा येतो, शब्द मात्र कळत नाही. ज्या वर्गात माडिया बोलणारे मूल मराठी शिकते आहे, तिथे ‘सात’ आणि ‘हात’ यांतला फरक पुसला गेला तर शिक्षकाचे कष्ट वाया जातात.

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘8 ओहम’ लिहिलेले असते, त्याचाही अर्थ नीट घ्यावा. तो अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा इम्पीडन्स नव्हे. चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा इम्पीडन्स ओहमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. ‘8 ओहम’ म्हणजे एवढ्या भारावर मी लिहिलेली पॉवर देईन, असा करार. भार 4 ओहमवर आणला तर करंट दुप्पट होतो आणि यंत्र तापते. व्हॉल्व्हच्या यंत्रात मात्र खरोखरीचे जुळवणे लागते. व्हॉल्व्हला 5,000 ओहमचा भार हवा आणि स्पीकर 8 ओहमचा असेल, तर मध्ये ट्रान्सफॉर्मर बसतो. 5,000 भागिले 8 म्हणजे 625, त्याचे वर्गमूळ 25. म्हणून वेढ्यांचे प्रमाण 25 ला 1.

मैदानभर तार

आता शाळेच्या मैदानावर येऊ. अ‍ॅम्प्लिफायर ऑफिसात, भोंगा 200 मीटर दूर झाडावर. 1 चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर वापरली, तर जाऊन-येऊन 400 मीटर तारेचा रोध सुमारे 6.9 ओहम होतो. भोंगा 8 ओहमचा. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचे जवळपास निम्मे व्होल्टेज तारेतच खर्ची पडते, आणि तार नसताना भोंग्याला मिळाली असती त्याच्या फक्त 29 टक्के पॉवर त्याच्या वाट्याला येते. बाकीचा दोष लोक भोंग्याला देतात.

यावरचा उपाय वीज कंपनी आपल्या डोक्यावरून नेते त्या तारांत दिसतो : व्होल्टेज वाढवा, करंट कमी करा. पीए (सभा-मैदानांवरच्या) अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या पट्टीवर 4, 8, 16 ओहमच्या शेजारी 70 व्होल्ट आणि 100 व्होल्ट असे स्क्रू असतात, ते याचसाठी. 100 व्होल्टच्या लाइनवर प्रत्येक भोंग्यापाशी छोटा लाइन ट्रान्सफॉर्मर लावायचा. त्याला वेगवेगळ्या वॉटचे टॅप, म्हणजे जोडणीची टोके, असतात. 10 वॉटच्या टॅपचा इम्पीडन्स होतो 100 गुणिले 100 भागिले 10, म्हणजे 1,000 ओहम. हजार ओहमपुढे तारेचे 6.9 ओहम किरकोळ. भोंग्याला जवळजवळ 99 टक्के पॉवर मिळते. त्याच तारेवर असे चार भोंगे लावले तरी 95 टक्के पोचते.

हिशेबही सोपा होतो. ओहमची बेरीज-वजाबाकी नको, टॅपच्या वॉटची बेरीज करायची. चार भोंगे 10 वॉटचे, म्हणजे 40 वॉट. अ‍ॅम्प्लिफायर 50 वॉटचा घ्यावा, थोडी ऐसपैस जागा ठेवावी. एक चूक मात्र जीवघेणी : ट्रान्सफॉर्मर न लावता 8 ओहमचा भोंगा थेट 100 व्होल्टच्या स्क्रूला जोडणे. तो 1,250 वॉट मागतो. आधी भोंग्याच्या युनिटची कॉइल जळते, की अ‍ॅम्प्लिफायर, एवढाच प्रश्न उरतो.

ट्रान्सफॉर्मरशिवाय, जवळच्या भोंग्यांसाठी ओहमचा हिशेब करायचा असेल तर समांतर जोडणी लक्षात ठेवावी. 16 ओहमची दोन युनिट समांतर म्हणजे 8 ओहम, चार समांतर म्हणजे 4 ओहम. वायर त्या त्या ओहमच्या स्क्रूला लावावी.

एकाच भोंग्याचा आवाज कमी करायचा तर

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार दवाखाना आणि शाळा यांच्याभोवतीचा निदान 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो; तिथे दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबलची मर्यादा आहे. हेमलकशात दवाखाना आणि शाळा एकाच आवारात, शेजारी अनाथ वन्यप्राण्यांचा सांभाळ. तिथे आवाजाचा आडदांडपणा नियमात बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही. चार भोंग्यांपैकी दवाखान्याकडचा एकच बारीक करायचा आहे. कसा?

पहिला मोह : भोंग्याच्या तारेत एक पॉट टाकू. तसे करू नये. कार्बनचा छोटा पॉट वॉटभरसुद्धा सोसत नाही, जळतो. जाड तारेचा रोध टाकला तर जळणार नाही, पण स्पीकरचा इम्पीडन्स प्रत्येक सुराला वेगळा असल्याने आवाजाचा पोत बिघडतो.

दुसरा उपाय एल-पॅड. यात दोन रोध एकत्र फिरतात. 8 ओहमच्या स्पीकरला समांतर 8 ओहम, दोन्ही मिळून 4. त्यांच्या आधी मालिकेत 4 ओहम. अ‍ॅम्प्लिफायरला पुन्हा 8 ओहमच दिसतात, करार अबाधित, आणि स्पीकरला एक चतुर्थांश पॉवर, म्हणजे 6 डेसिबल कमी. रचना सुरेख आहे. पण उरलेली तीन चतुर्थांश पॉवर उष्णतेत जाते. विजेवर चालणाऱ्या हॉलमध्ये ती परवडते, बॅटरीवर परवडत नाही.

तिसरा उपाय सर्वांत चांगला : लाइन ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदला. 10 वॉटऐवजी 5 वॉटचा टॅप लावला की 3 डेसिबल कमी, 2.5 वॉटचा लावला की 6 डेसिबल कमी. इथे काही जळत नाही. त्या भोंग्याचा इम्पीडन्सच 1,000 वरून 4,000 ओहमवर जातो आणि तो अ‍ॅम्प्लिफायरकडून मुळात कमी मागतो. व्हॉल्यूम कंट्रोल आणि इम्पीडन्स यांचे नाते इतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

बॅटरी आणि ओल

भोंग्याला शहरात गावंढळ समजतात. त्याची लायकी बॅटरीवर कळते. एक वॉट दिला तर साध्या पेटीतला स्पीकर एक मीटरवर 90 डेसिबलच्या आसपास देतो. चांगला भोंगा 105 च्या पुढे जातो. 15 डेसिबलचा फरक म्हणजे सुमारे तीसपट पॉवर. भोंग्यात खालचे सूर नसतात, संगीत त्यात पातळ वाटते, पण माणसाचा शब्द तो मैदानाच्या टोकाला स्पष्ट पोचवतो. 12 व्होल्टवर चालणारा 60 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात 10 अँपिअरच्या आसपास खेचू शकतो. नीट जुळवलेल्या भोंग्यांवर त्याला इतका जोर काढावाच लागत नाही आणि बॅटरी कार्यक्रम संपेपर्यंत टिकते.

शेवटी ओल. या जंगलातला पावसाळा पॉटचा शत्रू आहे. धूळ आणि दमट हवा कार्बनच्या पट्टीवर बसली की बटण फिरवताना खरखर होते. साधे उघडे पॉट घेण्यापेक्षा बंद डबीचे घ्यावेत. कंडक्टिव्ह प्लास्टिकचे मिळाले तर उत्तम. पट्टी स्वच्छ असूनही खरखर येत असेल, तर पॉटमधून डीसी जात असल्याची शंका घ्यावी. आधीच्या टप्प्याचा गळका कपलिंग कपॅसिटर बदलला की ती थांबते. चार रुपयांच्या कपॅसिटरपायी पॉट बदलत बसू नये.

अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला जाल तेव्हा वॉटचा आकडा सर्वांत शेवटी विचारा. आधी विचारा : माइक किती ओहमचा आणि इनपुट त्याच्या दहापट आहे का? पॉट लॉग आहे का आणि किती किलोओहमचा? 100 व्होल्टची लाइन आहे का, भोंग्यांच्या टॅपची बेरीज किती? 12 व्होल्टवर चालतो का? या प्रश्नांची उत्तरे जुळली, तर हेमलकशासारख्या ठिकाणी शाळेच्या मैदानाला 50 वॉट पुरतात. जुळली नाहीत, तर 500 वॉटही कमीच पडतील.